पावसाळ्याआधी कळकळीचे आवाहन : सिस्टरचा वेळ पेशंटसाठी राहू द्या



१२ मे रोजी परिचारिका दिन साजरा झाला. ठिकठिकाणी गुलाबाची फुले दिली गेली, भाषणे झाली, सत्कार झाले. त्याबद्दल मनापासून आभार. आता मे महिना सरत आला आहे आणि थोड्याच दिवसांत पाऊस लागेल. पावसामागोमाग डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, कावीळ आणि गॅस्ट्रो येतात. शेतात साप चावलेली माणसे येतात. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत खाटा भरतात, मग दोन खाटांच्या मध्ये गाद्या पडतात, मग व्हरांड्यात गाद्या पडतात. पेशंट दुप्पट होतात, पण ड्युटीवरच्या सिस्टर तेवढ्याच राहतात. म्हणून हे आवाहन आजच करते आहे. जुलैमध्ये केले तर उशीर झालेला असेल.

मी एका सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. मला आता बदलीची भीती नाही आणि बढतीची आशाही नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. वॉर्डात सिस्टरचा वेळ वाया जातो तेव्हा नुकसान पेशंटचे होते. तो वेळ वाचवणे पुष्कळसे तुमच्या हातात आहे. नातेवाईक, रुग्णालयाचे चालक, लोकप्रतिनिधी, सिस्टरच्या घरची माणसे आणि स्वतः परिचारिका, अशा सगळ्यांकडे माझे मागणे आहे.

माणशी बारा मिनिटे

केंद्र सरकारच्या मापदंडानुसार साध्या वॉर्डात दर सहा रुग्णांमागे एक परिचारिका हवी आणि अतिदक्षता विभागात दर खाटेमागे एक, तीही प्रत्येक पाळीत. आठ तासांच्या पाळीत सहा पेशंट म्हणजे एकेकाच्या वाट्याला ऐंशी मिनिटे. पावसाळ्यात मात्र रात्रपाळीला चाळीस पेशंट आणि एक सिस्टर अशी वेळ अनेक ठिकाणी येते. तेव्हा माणशी उरतात बारा मिनिटे.

त्या बारा मिनिटांत काय काय बसवायचे असते ते पाहा. ताप, नाडी, श्वास आणि बीपी मोजून लिहायचे. इंजेक्शने केसपेपरशी ताडून भरायची आणि द्यायची. सलाईन बदलायचे, हात सुजला असेल तर सुईची जागा बदलायची. रक्ताचे नमुने काढून त्यांवर नाव लिहून पाठवायचे. लघवीची पिशवी मोजून रिकामी करायची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, नाहीतर त्याच्या पाठीला जखम होते. सकाळी ऑपरेशनला जाणाऱ्याची तयारी करायची. कॅज्युअल्टीतून आलेला नवा पेशंट घ्यायचा. औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) भरायचा. कुणी दगावले तर कागदपत्रे पुरी करायची आणि रडणाऱ्या माणसांजवळ दोन क्षण उभेही राहायचे. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची ओव्हर द्यायची. आणि केलेले सगळे लिहून ठेवायचे, कारण उद्या चौकशी झाली तर न लिहिलेले काम केलेच नाही असे धरले जाते.

आता याच वेळात येणारे प्रश्न मोजा. डॉक्टर कधी येणार? रिपोर्ट आला का? पंखा का लागत नाही? डबा कुठे मिळेल? एक्स-रे कुठल्या मजल्यावर? हे प्रश्न विचारणाऱ्यांची काळजी खरी असते. पण एका पेशंटचे चार नातेवाईक तोच प्रश्न चार वेळा विचारतात, तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या बाळाचा ताप मोजायचा राहून जातो.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे सिस्टर औषधाच्या ट्रॉलीपाशी असते ती. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच मुद्दे तिला प्रत्येक इंजेक्शनमागे मनात तपासायचे असतात. मध्येच कुणी खांद्याला हात लावून हाक मारली की ती साखळी तुटते. चूक तिथेच होते. ट्रॉली दिसली की दहा मिनिटे थांबा. एवढ्या एका सवयीने किती चुका टळतील!

डेंग्यूच्या वॉर्डात काय चाललेले असते

या पावसाळ्यात ज्यावरून सर्वांत जास्त वाद होतील तो आजार डेंग्यू असेल, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

घरच्या माणसांचा जीव प्लेटलेट्सच्या आकड्यात अडकलेला असतो. आकडा पडला की ओरड सुरू होते, प्लेटलेट्स लावा म्हणून. सिस्टरचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टींवर असते. डेंग्यूत धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागते आणि बीपीचा वरचा व खालचा आकडा एकमेकांजवळ येऊ लागतात. त्यांच्यातले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले तर पेशंट शॉकच्या उंबरठ्यावर असतो, मग तो बोलत-चालत का असेना. म्हणून ती पुन्हा पुन्हा बीपी घेते, हातपाय गार पडलेत का ते चाचपते, लघवी किती झाली विचारते. नेमक्या त्याच वेळी घरची मंडळी म्हणतात, ताप गेला, आता घरी सोडा. आणि सिस्टर एका वादात अडकते.

तुम्ही इथे तिला खरी मदत करू शकता. वही-पेन घेऊन बसा. पेशंट किती वाजता किती पाणी, ताक, सरबत प्यायला ते लिहा. लघवी किती वाजता झाली, मापात किती भरली ते लिहा. पोटात सतत दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, शौचाला काळे झाले, पेशंट एकाएकी गळून गेला किंवा अस्वस्थ झाला, तर तत्क्षणी सिस्टरला सांगा. त्या वेळी थांबू नका, ट्रॉलीपाशी असली तरी हाक मारा. अंगदुखीसाठी घरून आणलेली गोळी मात्र देऊ नका. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो.

नातेवाइकांसाठी दहा विनंत्या

१. पेशंटजवळ एका वेळी एकाच माणसाने थांबावे. घरातल्या एकाला बोलण्यासाठी नेमा. डॉक्टरांनी सांगितलेले त्याने ऐकावे आणि बाकीच्यांना कळवावे.

२. दाखल होताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ही माहिती सोबत आणा. मधुमेहाची किंवा बीपीची घरची गोळी सिस्टरला न सांगता देऊ नका. वॉर्डातून तीच गोळी मिळालेली असेल तर मात्रा दुप्पट होते.

३. सलाईनचे चाक स्वतः फिरवू नका. थेंब संथ ठेवलेले असतात ते विचार करूनच. हृदयाच्या पेशंटला, लहान मुलाला आणि डेंग्यूतून उठणाऱ्याला वाजवीपेक्षा जास्त सलाईन गेले तर फुप्फुसांत पाणी होते. बाटली संपत आली की थोडे आधी कळवा.

४. ऑक्सिजनचे बटण, पंप, मॉनिटर यांना हात लावू नका. मोबाईल चार्ज करण्यासाठी कुठल्याही यंत्राचा प्लग काढू नका. ऑक्सिजनजवळ उदबत्ती, दिवा, काडी, विडी यांतले काहीही पेटवू नका.

५. पेशंटला उपाशी ठेवायला सांगितले असेल तर घोटभर चहासुद्धा देऊ नका. भूल दिल्यावर पोटातले वर येऊन फुप्फुसांत गेले तर जिवावर बेतते. ऑपरेशन पुढे ढकलावे लागते ते वेगळेच.

६. आत येताना आणि बाहेर जाताना हात साबणाने धुवा. पेशंटच्या खाटेवर बसू नका. सर्दी-खोकला असलेल्याने आणि लहान मुलांनी वॉर्डात येऊ नये.

७. कुशीवर वळवणे, तोंड पुसणे, भरवणे, बेडपॅन देणे ही कामे सिस्टरकडून किंवा वॉर्डात काम करणाऱ्या मामा-मावशींकडून एकदा शिकून घ्या आणि जमतील तेवढी करा. घरी गेल्यावर हीच विद्या उपयोगी पडते.

८. सिस्टरला, ब्रदरला एकेरी हाक मारू नका. मावशींनाही नाही.

९. दुसऱ्या पेशंटचे आणि काम करणाऱ्या सिस्टरचे मोबाईलवर चित्रीकरण करू नका. कोणाच्याही आजारपणाचा तमाशा व्हायला नको.

१०. तक्रार असेल तर जरूर करा. आधी वॉर्डच्या परिसेविकेशी बोला, मग अधिसेविकेकडे (मेट्रनकडे) जा, तरीही समाधान झाले नाही तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्यातही कुणी तुसडेपणाने बोलते, कुणी हलगर्जीपणा करते. ते झाकावे असे मी कधीही म्हणणार नाही. लेखी तक्रारीला उत्तर द्यावेच लागते. आरडाओरड झाली की मूळ तक्रार बाजूलाच राहते.

हात उगारण्याआधी

पेशंट दगावल्यावर घरच्यांचा तोल जातो. ते दुःख मी जवळून पाहिले आहे. पण त्या क्षणी वॉर्डात समोर सापडते ती सिस्टर. औषध संपलेले असते ते तिच्यामुळे नव्हे, व्हेंटिलेटर मोकळा नसतो तोही तिच्यामुळे नव्हे. तरी काच फुटते तिच्या टेबलाची आणि शिवी येते तिच्या वाट्याला. त्या धावपळीत उरलेल्या एकोणचाळीस पेशंटांचे इंजेक्शन, सलाईन, ऑक्सिजन यांकडे कोण पाहणार?

महाराष्ट्रात २०१० पासून अशा हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका, नर्सिंगचे विद्यार्थी आणि इतर आरोग्यकर्मचारी यांच्यावर हल्ला करणे किंवा रुग्णालयाची मोडतोड करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय मोडलेल्या सामानाच्या किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. घरातल्या तरुण पोरांना हे आधीच सांगून ठेवा. दुःखाच्या भरात त्यांचे आयुष्य बरबाद होऊ नये.

परिचारिका संकटात पेशंटला सोडून पळत नाही, हे मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले तेव्हा अंजली कुलथे प्रसूतिपूर्व वॉर्डात रात्रपाळीला होत्या. त्यांनी दारे लावून घेतली आणि वीस गर्भवतींना लहानशा पँट्रीत नेऊन लपवले. गोळीबार चालू असतानाच त्यांतल्या एकीला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात पोहोचवले. पुढे त्यांनी त्या दहशतवाद्यांपैकी कसाबला ओळखून साक्षही दिली. अशी माणसे तुमच्या गावच्या रुग्णालयातही ड्युटीवर आहेत. त्यांना आपल्याच लोकांची भीती वाटावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि परिचारिकेच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की परिचारिका अरुणा शानभाग यांची आठवण टाळता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात त्यांच्यावर अत्याचार झाला. तिथे त्या ड्युटी संपवून कपडे बदलायला गेल्या होत्या. त्यानंतर त्या शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या जवळपास बेचाळीस वर्षांत केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि त्यांच्या अंगाला बेडसोअर होऊ दिला नाही. त्या घटनेला पन्नास वर्षे उलटून गेली. तरीही आज किती रुग्णालयांत सिस्टरला कपडे बदलायला आतून कडी लागणारी, उजेड असलेली खोली आहे? हे कुणीतरी दारोदार जाऊन तपासायला हवे.

रुग्णालय चालवणाऱ्यांना

सरकारी असो वा खाजगी, रुग्णालय चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की पुढील गोष्टी जून उजाडण्याआधी करा.

कडी लागणारी चेंजिंग रूम, स्वच्छ स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि रात्री दिवे लागलेला व्हरांडा द्या. तासन् तास लघवी रोखून धरल्याने आमच्या मुलींना मूत्रमार्गाचे आजार होतात, हे तुम्हाला माहीत असायला हवे. रात्री उशिरा ड्युटी संपणाऱ्यांना स्टँडपर्यंत किंवा घरापर्यंत सोडण्याची सोय करा. वॉर्डाच्या दाराशी सुरक्षारक्षक आणि पासची पद्धत ठेवा.

हल्ला झाला तर सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नका. संस्थेनेच फिर्याद द्यावी. केंद्रीय आरोग्य सेवा संचालनालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या रुग्णालयांना सांगितले की ड्युटीवरील कर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा. हाच नियम तालुक्याच्या रुग्णालयाने आणि दहा खाटांच्या दवाखान्यानेही स्वतःला लावून घ्यावा.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीतल्या सदस्यांची नावे भिंतीवर लावा. कागदोपत्री समितीचा कुणाला उपयोग नाही.

पगाराबद्दल स्पष्ट बोलते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती. २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, आणि पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी महिना किमान २०,००० रुपये. त्याला बरीच वर्षे झाली, महागाई कुठे गेली ते सांगायला नको. तरी नर्सिंगचा जीएनएम अभ्यासक्रम केलेल्या मुली त्याहून कितीतरी कमी पगारावर बारा-बारा तास उभ्या राहतात. काही ठिकाणी त्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली जातात. ती आजच परत करा. अडवून ठेवलेल्या माणसाकडून मन लावून सेवा होत नाही, आणि त्याची झळ तुमच्याच पेशंटला लागते.

आगीबद्दलही बोलायलाच हवे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला आणि अकरा जण दगावले. दोन्ही घटनांनंतर कारवाई परिचारिकांपर्यंत पोहोचली. कोणाचा दोष किती, ते न्यायालय ठरवील. पण वायरिंग, धुराचा अलार्म, पाण्याचे फवारे, मोकळी जिना-वाट या गोष्टी सिस्टरच्या हातात नसतात, हे आपण सगळे जाणतो. फायर ऑडिट करून त्यातल्या त्रुटी दूर करा, प्रत्येक पाळीतल्या माणसांना आग विझवण्याचे यंत्र चालवायला शिकवा आणि पेशंट बाहेर कसे काढायचे याची रंगीत तालीम घ्या. पाऊस पडला की ओल भिंतीत उतरते, तेव्हा हे काम उन्हाळ्यातच संपवा.

लोकप्रतिनिधींना आणि मतदारांना

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जण दगावले. त्यांत बारा नवजात बाळे होती. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. सगळीकडे औषधांच्या, माणसांच्या तुटवड्याची चर्चा झाली आणि काही दिवसांत विरून गेली. आमच्या भगिनी २०२२ मध्ये संपावर गेल्या होत्या त्या कंत्राटी भरतीला विरोध करण्यासाठी. आज आहे आणि उद्या नाही अशा नोकरीत वॉर्डाची माहिती मुरत नाही, हा त्यांचा मुद्दा तुमच्याही हिताचा आहे.

म्हणून मतदारांनो, आपल्या नगरसेवकाला, जिल्हा परिषद सदस्याला, आमदाराला एक प्रश्न विचारा : आपल्या रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. इमारतीच्या उद्घाटनाचे फोटो वर्तमानपत्रात येतात. त्या इमारतीत रात्री दोन वाजता ड्युटीवर किती सिस्टर आहेत, हेही तितक्याच आवर्जून विचारले गेले पाहिजे.

गणेशोत्सव मंडळांना, महिला मंडळांना, महाविद्यालयांच्या एनएसएस पथकांना वेगळी विनंती आहे. वाढदिवसाला फळे वाटण्यापेक्षा अधिसेविकांना भेटा आणि कशाची गरज आहे ते विचारा. बीपीचे यंत्र असेल, चादरी असतील, व्हीलचेअर असेल. पावसाळ्याचे चार महिने सकाळ-संध्याकाळ दोन-दोन स्वयंसेवक दाराशी बसवा. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचे, कागद कुठे भरायचा हे त्यांनी सांगितले तरी सिस्टरचा पुष्कळ वेळ वाचेल. आणि रक्तदान शिबिरे एकाच दिवशी सगळ्यांनी न घेता वर्षभर विभागून घ्या.

सिस्टरच्या घरच्यांना

ज्यांच्या घरात सून, बायको, मुलगी, बहीण किंवा मुलगा नर्सिंगमध्ये आहे त्यांना हात जोडून सांगते. नाईट करून आलेल्या माणसाला झोपू द्या. ती दिवसा झोपते म्हणजे आळस करते असे नाही. तिची रात्र दिवसा असते. खोलीत अंधार करा, तिचा फोन दुसऱ्याने घ्या, दाराची घंटा वाजू देऊ नका, तोवर स्वयंपाक दुसऱ्या कुणी करा. अर्धवट झोपेत पुन्हा ड्युटीवर गेलेल्या हाताकडून औषधाच्या मात्रेत चूक होऊ शकते. सणाला ती घरी नसते तेव्हा टोमणा मारू नका. त्या दिवशी ती दुसऱ्या कुणाच्या तरी आईला सांभाळत असते.

माझ्या परिचारिका भगिनींना आणि भावांना

तुमच्याशी थोडे वडीलकीच्या नात्याने बोलते.

सुई वापरल्यावर पुन्हा टोपण लावू नका. सुई थेट डब्यात किंवा कटरमध्ये गेली पाहिजे. टोचलीच तर घाबरून लपवू नका. जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच कळवा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता तीनशेत एकाच्या आसपास असते. तीसुद्धा औषध वेळेत सुरू केल्याने खूप घटते. शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत ते सुरू व्हावे, आणि २८ दिवस पुरते घ्यावे. हेपटायटिस बी मात्र फार सहज लागतो. लस न घेतलेल्यांत ही शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. तुमचे लसीचे तिन्ही डोस झाले आहेत का? नसतील तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या, आणि तिसऱ्यानंतर रक्तात प्रतिकारशक्ती आली का ते तपासून घ्या.

ओव्हर टेबलावर बसून घेऊ नका. खाटेखाटेशी जाऊन, सलाईन, नळ्या, पट्ट्या डोळ्यांनी पाहून घ्या. फोनवरची ऑर्डर लिहून घ्या, डॉक्टरांना ती परत वाचून दाखवा आणि नंतर सही घ्या. इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देऊ नका. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते, हे ठाऊक असूनही थकव्यात हात चुकतो. काम झाल्यावरच लिहा, आधी लिहून ठेवू नका. पेशंट जास्त आणि हात कमी असतील तर त्या दिवशीची संख्या नोंदवून परिसेविकेला लेखी कळवा. पुढे काही घडले तर ती नोंद तुमच्या बाजूने बोलेल.

जड पेशंट एकटीने उचलू नका, मावशींना, नातेवाइकाला बोलवा. पाठ एकदा गेली की परत येत नाही. दोन घास आणि तांब्याभर पाणी यांसाठी एकमेकींची जागा धरा. नवीन मुलींना सगळ्यांसमोर टाकून बोलू नका. तुम्ही त्यांच्या वयाच्या असताना तुमचा हात धरून कुणीतरी पहिली शीर शोधून दिली होती.

छळ झाला तर तीन महिन्यांच्या आत समितीकडे लेखी तक्रार करा. कुणी धमकावले, अंगावर आले तर तिथून बाजूला व्हा आणि ११२ ला फोन करा. मन पार थकून गेले, झोप उडाली, ड्युटीवर जाण्याच्या विचारानेच छातीत धडधडू लागले, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सरकारी मोफत सेवा आहे. दुसऱ्याचे दुखणे ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही आपले दुखणे सांगण्याचा हक्क आहे.

आता लगेच

हे वाचून झाल्यावर तीन गोष्टी करा. घरातल्या प्रत्येकाची चालू औषधे आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवा. दारातले, गच्चीवरचे, टायरांतले, कुंड्यांखालचे साठलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाका, कारण वॉर्डात न आलेला पेशंट ही सिस्टरला सर्वांत मोठी मदत आहे. आणि दहा विनंत्यांचे पान सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या, मंडळाच्या फलकावर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

पाऊस कुणासाठी थांबणार नाही. यंदा तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरातला माणूस वॉर्डात दाखल होईल आणि त्याच्या वाट्याला सिस्टरची बाराच मिनिटे असतील. ती पुरीच्या पुरी त्यालाच मिळावीत यासाठी तुम्ही जे कराल, ते शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसासाठीही कराल. एवढे करा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका